शिलेदार राणी आणि अनोळखी घोडा

मार्गशीर्षातली दत्तजयंती जवळ आली की आमच्या नंदुरबार जिल्ह्यात घोड्यांच्या गोष्टी सुरू होतात. तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. मारवाडी येतात, काठेवाडी येतात, पंजाबकडचे उंचेपुरे पांढरे घोडे येतात. आमच्या खांडबाऱ्याहून निघणारा माणूस ताप्ती व्हॅलीच्या गाडीने नंदुरबारवरून पुढे दोंडाईच्याला उतरतो आणि तिथून एस.टी. धरून यात्रेत पोचतो. मीही अनेक वर्षे जात आलो आहे. शाळामास्तराच्या निवृत्तिवेतनात घोडा बसत नाही, पण घोडा घेणाऱ्यांकडे पाहायला पैसे पडत नाहीत.

पाहण्यासारखे खूप असते. हौशी गिऱ्हाईक आधी रंग पाहते. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा दिसला की गर्दी होते. मग अंगावरचे भोवरे मोजले जातात, शुभाशुभ ठरते, दात पाहून वय काढले जाते, रेवाल चाल करून दाखवली जाते. पण मुरलेला जाणकार यातले काहीच घाईने करीत नाही. तो घोड्याच्या खांद्याशी नुसता उभा राहतो. घोड्याचे कान कुठे वळतात, श्वास कसा चालतो, अनोळखी हात मानेवर पडला की कातडी थरथरते की नाही, हे तो पाहतो. घोडा आपल्याला काय समजतो आहे, याचा तो अंदाज घेत असतो.

अशा जाणकारांकडे पाहताना मला दरवेळी एका थोर स्त्रीची आठवण होते. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची. त्यांची तलवार आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पाठीशी बांधलेला मुलगाही माहीत आहे. परंतु आपल्या काळात उत्तर हिंदुस्थानात त्यांची ख्याती आणखी एका गोष्टीसाठी होती, ती आपण विसरलो. ती म्हणजे घोड्याची पारख. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली लक्ष्मीबाईंचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. घोड्याची खरी परीक्षा असणारी तीनच माणसे त्या काळी मानली जात, असे या चरित्रपरंपरेत सांगितले जाते. एक नानासाहेब पेशवे, दुसरे ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि तिसऱ्या झाशीच्या बाईसाहेब. या धाग्याने त्यांचे चरित्र पुन्हा वाचले, तर त्यांचे जगणे आणि मरणे दोन्ही वेगळे दिसू लागते.

ब्रह्मावर्तातली मनू

मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या पदरी काशीला होते. तिथे त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मणिकर्णिका, लाडाने मनू. जन्माचे साल कोणी १८२८ देतात, कोणी १८३५. आई भागीरथीबाई लेकीच्या अगदी लहानपणीच वारल्या आणि मोरोपंत मुलीला घेऊन कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, बाजीरावांच्या आश्रयाला आले.

पेशवाई १८१८ साली बुडाली होती. सालिना आठ लाखांच्या पेन्शनीवर बाजीराव तिथे राहत होते. राज्य गेले, तरी राहणी मराठी सरदाराचीच होती. आईविना वाढणारी ही मुलगी नानासाहेबांसारख्या मुलांच्या संगतीत राहिली. अक्षरे गिरवली, तलवार हाती घेतली आणि घोड्यावर मांड टाकली.

लहान वयात घोड्यावर बसणाऱ्या मुलाला एक गोष्ट मिळते, ती मोठेपणी शिकणाऱ्याला कष्टाने मिळवावी लागते. मुलाच्या अंगात जोर नसतो. पाच-सहा वर्षांच्या पोराने लगाम ओढून घोडा कुठे थांबतो? म्हणून त्याला जोराऐवजी जुळवून घ्यावे लागते. घोड्याच्या पाठीबरोबर आपली कंबर हलवणे, तो बुजणार हे त्याच्या कानांवरून आधी ओळखणे, तो थरथरला तर आपण सैल राहणे, हे सारे शरीरात उतरते. मोठ्या माणसाला ताकदीचा भरवसा असतो आणि तोच त्याच्या आड येतो.

१८४२ साली मनूचा विवाह झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. १८५१ साली झालेला मुलगा काही महिन्यांतच गेला. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावही गेले. आदल्याच दिवशी दत्तक घेतलेला मुलगा दामोदरराव कंपनी सरकारने मान्य केला नाही आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. महिना पाच हजारांचे पेन्शन ठरले आणि राणीला किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहायला जावे लागले.

ऐन तारुण्यातले वैधव्य, गेलेले राज्य आणि नाकारलेला मुलगा. त्या काळच्या घरंदाज विधवेने कोपऱ्यात बसावे, अशीच अपेक्षा होती. लक्ष्मीबाईंनी व्रतवैकल्ये सोडली नाहीत, पण व्यायाम आणि घोडाही सोडला नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांच्या प्रवासवर्णनात बाईसाहेबांच्या दिनक्रमाचे वर्णन आहे. पहाटे उठून मल्लखांब, जोर, आणि नंतर घोड्यावरची रपेट. हे रोजचे होते.

हजारांचा घोडा, पन्नासांचा घोडा

त्यांच्या पारखीची एक गोष्ट जुन्या चरित्रांतून सांगितली जाते. एक सौदागर दोन उमदे घोडे घेऊन आला. दोघेही दिसायला सारखेच देखणे. बाईसाहेबांनी आधी एकावर बसून फेरी मारली, मग दुसऱ्यावर. उतरल्यावर त्यांनी पहिल्याची किंमत हजार रुपये केली आणि दुसऱ्याची अवघी पन्नास. पाहणारे चकित झाले. दुसऱ्याच्या छातीला आतून इजा झालेली आहे, असे बाईसाहेबांनी सांगितले आणि सौदागराने ते कबूल केले.

ही चमत्काराची गोष्ट नाही. छातीत दुखणारा घोडा पुढचा पाय टाकताना किंचित हात राखतो, वळताना एका अंगाला भार देतो. डोळ्यांना ते दिसत नाही, कारण सौदागराने त्याला खरारा करून, चंदी चारून चकचकीत केलेले असते. पण पाठीवर बसलेल्याच्या मांड्यांना ते कळते. कळण्यासाठी बसणाऱ्याने स्वतः शांत असावे लागते.

घोडाही आपल्याला असाच वाचत असतो. तो मुळात शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. फक्त नाकाच्या अगदी पुढचे आणि शेपटीमागचे तेवढे दिसत नाही. पाठीवर माशी बसली तरी तेवढीच कातडी तो हलवतो. अशा कातडीला स्वाराच्या पायाचा ताण, हाताची थरथर, रोखलेला श्वास कसा कळणार नाही?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाच्या एका घोड्याने जगाला वेड लावले होते. फॉन ऑस्टेन नावाच्या मास्तरांचा हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे पायाच्या टापांनी देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने त्याचे कोडे उलगडले. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सला काही येत नसे. बरोबर आकड्याशी टाप आली की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले आणि घोडा थांबे. हान्सला गणित येत नव्हते, पण माणूस येत होता. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाटेत आता छत्री उघडली जाणार, असे त्यांनी घोडा चालवणाऱ्यांना सांगितले. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही, पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही.

म्हणजे घोड्याशी खोटे बोलता येत नाही. जवळजवळ २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर पुस्तक लिहिले, त्यातही रागाच्या भरात घोड्याशी वागू नये हाच उपदेश आहे. घोडा ज्या वस्तूला बुजतो, तिच्याजवळ त्याला मारत नेले तर त्या वस्तूच्या भीतीत माराची भीती मिळते. उलट त्याने एक पाऊल पुढे टाकताच लगाम सैल सोडला, तर आपले बरोबर होते हे त्याला समजते. घोडा शिकतो तो ओढण्यातून कमी आणि त्या सैल सोडण्याच्या क्षणातून अधिक. असे शेकडो क्षण रोज साठत जातात. सहवासाची ठेव म्हणतात ती हीच.

चार एप्रिलची रात्र

१८५७ च्या जूनमध्ये झाशीच्या पलटणी उठल्या आणि पुढे राज्याचा कारभार राणीकडे आला. १८५८ च्या मार्चअखेर सर ह्यू रोज झाशीपुढे येऊन ठाकला. तात्या टोपे मदतीला आले, पण १ एप्रिलला बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली. ४ तारखेच्या रात्री राणी झाशीबाहेर पडली.

झाशीच्या किल्ल्यावर आज एक जागा दाखवतात. इथून राणीने घोड्यासह खाली उडी घेतली, असे सांगतात. मुले डोळे विस्फारून खाली पाहतात. एवढ्या उंचीवरून उडी घेतलेला घोडा पुढे चार पावलेही चालणार नाही. जुनी चरित्रे सांगतात, की राणी शहराच्या भांडेरी दरवाजाने शत्रूच्या वेढ्यातून बाहेर पडली. मला ही हकिकत उडीपेक्षा थोर वाटते. काळोखी रात्र, पेटलेले शहर, बंदुकांचे बार, जळक्याचा वास, आणि पाठीशी बांधलेले आठ-नऊ वर्षांचे मूल. पाठीवरचे मूल म्हणजे उंचावर लटकलेला, हलणारा भार. वळताना तो घोड्याचा तोल बिघडवतो. पळून जाणे हाच ज्याचा स्वभाव, त्या प्राण्याला अशा गोंधळातून धन्याच्या इशाऱ्यावर चालवायचे, ही गोष्ट तलवारीने होत नाही. रोजच्या पहाटेच्या रपेटी त्या रात्री कामी आल्या.

सकाळी एकवीस मैलांवरच्या भांडेरला पाठलागाची तुकडी येऊन भिडली. तिचा अधिकारी बोकर जखमी झाला आणि राणी पुन्हा घोड्यावर स्वार होऊन निघाली. काळपीपर्यंतचे शंभरावर मैलांचे अंतर तिने सुमारे चोवीस तासांत तोडले, असे चरित्रकार सांगतात. काळपीला पोचताच घोड्याने प्राण सोडला, असेही परंपरा सांगते. त्याचे नाव कोणी एक देतो, कोणी दुसरे. नाव काहीही असो, त्याने आपल्या धनिणीचा शब्द शेवटपर्यंत ऐकला होता.

नाल्याकाठी

मे महिन्यात कोंच गेले, मग काळपी गेली. १ जूनला शिंद्यांची फौज पेशव्यांच्या बाजूला आली आणि ग्वाल्हेर हाती आले. शहरात दरबार आणि जेवणावळी सुरू झाल्या. लढाईची तयारी करा, असा आग्रह धरणारी राणी एकटी पडली. १७ जूनला ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सरायला इंग्रज घोडदळाशी गाठ पडली.

त्या दिवशी राणीजवळ तिचे नेहमीचे जनावर नव्हते. अडीच महिन्यांच्या धावपळीत चांगली घोडी संपली होती. शिंद्यांच्या पागेतला एक नवा घोडा तिने घेतला. तो दिसायला उमदा आणि तरणाबांड होता. लढाई उलटल्यावर मोजक्या साथीदारांसह ती बाहेर पडली आणि वाटेत एक नाला आडवा आला. मराठी चरित्रकार सांगतात, की तो घोडा नाल्याच्या काठावर अडला आणि जागच्या जागी फिरू लागला. तेवढ्यात मागचे हुजार स्वार येऊन पोचले. इंग्रजी लष्करी लेखांत तिच्या मृत्यूचा तपशील वेगळा आहे आणि तारखेतही १७ की १८ असा फरक आहे. मराठी मनाने मात्र नाला आणि अडलेला घोडा हेच चित्र जपून ठेवले आहे. घायाळ राणीला साथीदारांनी गंगादास बाबांच्या मठात नेले. तिथेच तिची प्राणज्योत मालवली आणि घाईघाईने चिता रचली गेली.

खांडबाऱ्याच्या परिसरात मी बरीच वर्षे इतिहास शिकवला. हा प्रसंग आला की वर्ग चिडून उठत असे. मुले त्या घोड्याला गद्दार म्हणत, फितूर म्हणत. एका वर्षी मागच्या बाकावरचा, पाड्यावरून चालत येणारा एक मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, की घोड्याला कशाला शिव्या देता? आमचा बैल मामांनी औताला नेला, तर पहिले काही दिवस तो त्यांच्या हाताखाली ओढ्यात पाय घालत नाही. माझ्या वडिलांनी नुसता आवाज दिला की उतरतो. घोडा त्या बाईंना ओळखत नव्हता, एवढेच. वर्ग गप्प झाला. त्या नाल्याचे इतके नेमके स्पष्टीकरण मला कोणत्याही ग्रंथात सापडले नव्हते.

घोड्याला पाण्याची खोली समजत नाही. चकाकणारा पृष्ठभाग त्याला जमिनीतल्या भगदाडासारखा वाटतो. एकटा असेल तर तो तिथे थांबणारच, आणि त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच. तरीही तो उडी घेतो ती पाठीवरच्या माणसावर विसंबून. या माणसाने मला आजवर खड्ड्यात घातले नाही, एवढाच त्याचा हिशेब असतो. ग्वाल्हेरच्या त्या घोड्याजवळ हा हिशेब मांडायला काही नव्हते. त्याला दिसत होते पाणी, ऐकू येत होते बार, आणि पाठीवर होती एक अनोळखी, घाईत असलेली स्वार. तिच्या विद्येत उणे नव्हते. वेळ मात्र उरला नव्हता.

शिलेदार आणि बारगीर

मराठ्यांच्या फौजेत स्वारांचे दोन प्रकार होते. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. शिलेदार स्वतःच्या घोड्याच्या काळजीने लढाईत हात राखतो, अशी त्याच्याविषयी तक्रारही असे. पण त्या तक्रारीतच नात्याची कबुली आहे. ज्या जनावराला आपण रोज आपल्या हाताने चंदी दिली, ज्याचे खूर आपण रात्री कंदिलाच्या उजेडात तपासले, ते निव्वळ वाहन राहत नाही. लक्ष्मीबाई जन्मभर शिलेदार होत्या. शेवटच्या दिवशी परिस्थितीने त्यांना बारगीर केले.

त्या तीन जाणकारांपैकी नानासाहेब उठावानंतर नाहीसे झाले आणि राणी धारातीर्थी पडली. उरले ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे. पुढे सांगलीकडच्या अंकलखोपचा विष्णुपंत छत्रे नावाचा एक तरुण गाणे आणि घोडा या दोन वेडांपायी ग्वाल्हेरला गेला. गाणे हद्दूखाँकडे आणि अश्वविद्या आपट्यांकडे शिकला. त्याच छत्र्यांनी १८८० च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभी केली. रणांगणावरची विद्या अशी तंबूत येऊन टिकली.

आज गावोगावी राणीचे पुतळे आहेत. पुढचे दोन पाय उचललेला घोडा आणि वर उगारलेली तलवार. पाहणाऱ्याची नजर तलवारीवर जाते. घोडा जणू चौथऱ्याचाच भाग होऊन बसतो. पण मुलांना हा पुतळा दाखवताना आईवडिलांनी थोडे खालीही पाहायला सांगावे. एका घोड्याने या बाईंना भर रात्री आगीतून काढून शंभर मैल नेले. दुसऱ्याने काही हातांचा नाला ओलांडला नाही. दोन्ही वेळी स्वार त्याच होत्या, धैर्य तेच होते आणि मांडही तीच होती. पहिल्या घोड्यामागे मात्र झाशीच्या पहाटेच्या कितीतरी रपेटी होत्या. दुसऱ्यामागे तशी एकही सकाळ नव्हती.